कवडी कोणाकडे धावली

फार पूर्वी, वेत्रवती नदीच्या काठी केतकपूर नगरात राजा सत्यरथ राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व बाण घडवणाऱ्यांच्या एका सधन घराण्यात जन्माला आले होते. वडिलांच्या मागे घरचा कारखाना त्यांच्याकडे आला. सरळ बोरू निवडायचा, विस्तवावर शेकून डोळ्यासमोर धरून पाहायचा, टोकाला पाते बसवायचे, बुडाशी निळ्या दोऱ्याने पिसे बांधायची, अशी कामे त्यांच्या अंगणात दिवसभर चालत. नगराच्या सैन्याला बाण याच अंगणातून जात. लोक त्यांना श्रेष्ठी म्हणत.

तरुणपणी त्यांनी एक नवे पाते घडवले होते. त्याला मागे वळलेले दोन दात होते. रानडुकराच्या अंगात ते एकदा शिरले की डुक्कर कितीही धावले तरी पाते गळून पडत नसे. राजाने त्याबद्दल त्यांचा सभेत सन्मान केला होता.

केतकपुरात एक जुनी रीत होती. प्रत्येक गल्लीची आपली एक घुंगुरकाठी असे. गल्लीत मूल जन्मले की त्या घरचे लोक काठीला एक घुंगरू बांधत. दिवेलागणीला गल्लीचा रक्षक ती काठी जमिनीवर टेकवत फेरी घाली आणि घराघरांत लोकांना कळे की दारे राखायला माणूस आला. रक्षक म्हातारा झाला किंवा वारला तर काठी पुढच्या रक्षकाच्या हाती जाई, कारण ती माणसाची नव्हे, गल्लीची मानली जाई. एकदा बांधलेले घुंगरू मात्र कधी काढत नसत. ज्याच्यासाठी बांधले तो परगावी गेला किंवा जगातून गेला, तरी ते वाजतच राही. त्यामुळे प्रत्येक काठीचा आवाज निराळा होता. चुलीपुढे बसलेल्या बाईलाही तो ऐकून कळे की ही आपली काठी की शेजारच्या गल्लीची.

पूर्वी रक्षकांच्या हाती या काठीखेरीज काही नसे. पण एका उन्हाळ्यात एक पिसाळलेले कुत्रे एका रक्षकाला चावले आणि तो वारला. हा रक्षक नगररक्षकांचा नायक दृढवर्मा याचा धाकटा भाऊ होता. भावाचे दिवस झाल्यावर दृढवर्म्याने प्रत्येक रक्षकाला धनुष्य दिले, दात असलेल्या पात्यांचे बाण दिले आणि सांगितले, "कुत्रं अंगावर धावलं की वाट बघायची नाही."

रक्षकांनी वाट पाहिली नाही. कुणाच्या गोठ्यातले, कुणाच्या अंगणातले, कुणाच्या दुकानाच्या फळीखाली निजणारे, अशी पुष्कळ कुत्री त्या वर्षी मेली. नगरात दोन तट पडले. चव्हाट्यावर दुसरा विषयच उरला नाही.

"कुत्रं अंगावर आलं की शिपायानं काय त्याला ओवाळायचं?" असे तेली म्हणे.

"ओवाळू नका, पण बघा तरी आधी," गवळण म्हणे. "आमच्या ढवळ्याच्या तोंडात एक दात राहिला नव्हता. तो काय चावणार होता, ताक?"

"मग त्यानं तोंड उघडून दाखवायचं होतं शिपायाला."

"उघडलंच होतं की! भुंकायला. तेवढ्यात मारलं त्यानं."

लोक हसत, आणि गवळण घागर उचलून चालू लागे. ती हसत नसे.

शेवटी राजाने ठरवले की येत्या पौर्णिमेला उघडी सभा भरवून या गोष्टीचा निकाल लावायचा. दृढवर्म्याचे म्हणणे होते की रक्षकावर धावणारे कुत्रे मारण्याचा हुकूम राजमुद्रेसह निघावा, म्हणजे रोजची कुरकुर थांबेल. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी राजवाड्यातून एक सेवक बोधिसत्त्वांकडे आला. तो म्हणाला, "उद्या सभेत या, श्रेष्ठी. महाराज तुम्हाला एवढंच विचारतील की तुमच्या बाणानं धावतं कुत्रं जागीच थांबतं की नाही. हुकूम निघाला की साऱ्या नगररक्षकांचे बाण तुमच्याच घरून जायचे."

सेवक गेल्यावर बोधिसत्त्वांची पत्नी सुमना म्हणाली, "बोरू आजच सांगून ठेवायला हवा. मागाहून भाव चढवतील." मग नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "गप्प का? घरात लक्ष्मी येते आहे, आणि तुमचा चेहरा दाराशी भिकारी आल्यासारखा."

बोधिसत्त्व म्हणाले, "दाराशी खरंच कोणीतरी आलंय बघ."

दाराशी एक वृद्ध स्त्री उभी होती. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ होती. बसा म्हटले तरी ती बसली नाही. तिच्या हातात मोडलेल्या बाणाचा बुडखा होता. तिने तो पुढे धरला.

"हा निळा दोरा तुमच्याकडचा ना?"

"हो, आई."

"मग चला. पुढचा तुकडा आत राहिलाय. तुमच्या घरचा आहे, तुम्हीच काढा."

"मी सोडला नाही, आई."

"ठाऊक आहे मला. सोडणारा पोरगा आहे, त्याला काढता येत नाही. वैद्य म्हणतो, ओढला तर खांदा फाटून येईल. मी म्हटलं, ज्यानं असला बाण केला त्याला तो बाहेर कसा काढायचा हेही ठाऊक असेल. का नाही?"

 बोधिसत्त्वांनी मोरपिसांचे दोन जाड देठ, एक बारीक सुरी आणि तेलाची कुपी घेतली आणि ते तिच्या मागोमाग निघाले.

या वृद्धेचे नाव सोणा होते. ती नदीकडच्या गल्लीत शेवटच्या घरात राहत असे. दारातच पोत्यावर एक कुत्री पडलेली होती. रंग काळा, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. खांद्यातून बोरूचा तुकडा वर आला होता.

"कवडी," सोणा म्हणाली, "हे बाण काढायला आलेत. चावू नकोस."

बोधिसत्त्व तिच्याजवळ जमिनीवर बसले. त्यांनी मोरपिसांचे देठ उभे चिरले, तेलात बुडवले आणि बोटांनी चाचपत पात्याच्या एकेका दातावर एकेक देठ सरकवला, म्हणजे दात झाकले जातील आणि मांस धरणार नाहीत. कुत्री थरथरली. तिने मान वळवून त्यांचे मनगट तोंडात धरले. बोधिसत्त्वांनी हात हलवला नाही. दात कातडीला टेकले होते, पण तिने ते दाबले नाहीत. पाते बाहेर येईपर्यंत तिने मनगट तसेच धरून ठेवले आणि मग सोडून दिले.

सोणाने हळद आणून दिली. जखम बांधून झाल्यावर बोधिसत्त्वांनी विचारले, "ही रक्षकावर का धावली, आई?"

 सोणा म्हणाली, "हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. नायकाची माणसं आली, त्यांनी विचारलं, कुत्री धावली की नाही? मी म्हटलं, धावली. पूर्ण वेगानं धावली? पूर्ण वेगानं धावली. खोटं कसं सांगू? झालं, म्हणाले, उद्या हिला सभेत घेऊन या. निकाल लागला की तिथेच..."



मग तिने जे सांगितले ते असे. तिचा मुलगा तिष्य याच गल्लीत जन्मला आणि मोठा झाल्यावर याच गल्लीचा रक्षक झाला. ज्या काठीला त्याच्या जन्माचे घुंगरू होते, तीच काठी त्याच्या हाती आली. कवडी त्याने पिलू असताना नदीच्या वाळूतून उचलून आणली होती. रोज दिवेलागणीला फेरी संपवून तो गल्लीच्या तोंडाशी वळला की काठीच्या आवाजाने कवडी उठे आणि धावत जाऊन त्याच्या छातीवर दोन्ही पाय ठेवी. मागच्या आषाढात नदी गल्लीत शिरली. माणसे बाहेर काढता काढता तिष्य वाहून गेला. नदीने त्याचा देह परत दिला नाही. पाणी उतरल्यावर काठी मात्र खालच्या अंगाला एका बाभळीत अडकलेली सापडली.

"गल्लीची काठी म्हणून ती गल्लीत परत आली," सोणा म्हणाली. "नवा रक्षक नेमला. जोतिक त्याचं नाव. चांगला आहे पोरगा, घाबरट आहे थोडा. पहिल्याच दिवशी तो काठी वाजवत वळला. इतके महिने तो आवाज नव्हता, श्रेष्ठी. हिनं ऐकला."

बोलता बोलता दिवस मावळला होता. शेजारच्या घरात कोणीतरी दिवा लावला. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी काठी वाजली. लहानमोठ्या घुंगरांचा तो एकत्र आवाज दारांवरून सरकत जवळ येऊ लागला.

कवडीने कान उभे केले. तिला काढलेल्या बाणाची, बांधलेल्या खांद्याची आठवण राहिली नाही. ती तीन पायांवर उठली, शेपूट हलवत, अंग ओढत उंबऱ्याशी गेली आणि तिथे कोसळली. तरी शेपूट हलतच होती.

बोधिसत्त्वांनी ते पाहिले. आणखीही एक गोष्ट त्यांनी पाहिली. काठी वाजताच सोणाही उठली होती. फळीवरचे एक ताट तिच्या हातात आले होते. क्षणभर ती ते धरून उभी राहिली आणि मग तिने ते पालथे करून जागच्या जागी ठेवले.

 बोधिसत्त्व घरी गेले तेव्हा सुमनेने त्यांच्या मनगटावरच्या खुणा पाहिल्या.

"हे काय? चावली?"

"नाही. धरून ठेवलं होतं तिनं."

"चावणं आणि धरणं यात फरक काय?"

"फार आहे," बोधिसत्त्व म्हणाले. "बोरू सांगून ठेवू नकोस."

 सुमना त्यांच्यासाठी पाणी आणायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यापुढचे पटांगण माणसांनी भरून गेले. राजा सत्यरथ ओट्यावर बसला होता. एका बाजूला रक्षक धनुष्ये घेऊन उभे होते आणि त्यांच्यात फिक्या चेहऱ्याचा तरुण जोतिक होता. दुसऱ्या बाजूला नगरजन होते. गल्लीतल्या चौघांनी कवडीला बाजेवर घालून आणले होते. सोणा बाजेच्या पायथ्याशी बसली होती.

आधी दृढवर्मा बोलला. त्याने आवाज चढवला नाही.

"महाराज, लोक म्हणतात मी क्रूर आहे. माझ्या भावाला कुत्रं चावलं तेव्हा जखम नखाएवढी होती. तो हसत घरी आला. पुढे त्याला पाण्याची भीती वाटू लागली. आमच्या आईच्या हातातला तांब्या बघून तो किंचाळायचा. मी त्याच्या उशाशी होतो. हे माझ्या दुसऱ्या माणसाला होऊ नये, एवढंच मी मागतो. रक्षकानं कुत्र्याचा स्वभाव ओळखत बसायचं का? तेवढा वेळ नसतो."

 गवळणही खाली पाहू लागली. राजाने जोतिकाला विचारले, "कुत्री तुझ्यावर धावली?"

"हो, महाराज. तोंड उघडं होतं. उडी मारणार होती."

"सोणाबाई, हे खरं?"

"खरं आहे, महाराज."

राजाने सुस्कारा टाकला. मग बोधिसत्त्वांकडे वळून म्हणाला, "श्रेष्ठी, तुमचा बाण धावतं कुत्रं जागीच थांबवतो का?"

"थांबवतो, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "तो बाण मीच घडवला, आणि तो चुकत नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण एक प्रश्न राहून गेला आहे. ही कोणाकडे धावली?"

"जोतिकाकडे. आणखी कोणाकडे?" दृढवर्मा म्हणाला.

"ते तिलाच विचारू. जोतिकाला पटांगणाच्या वेशीबाहेर पाठवा. गल्लीत जसा येतो तसा काठी वाजवत त्याला इथे येऊ दे."

रक्षकांत हशा उठला. "बाणवाल्याला कुत्र्यांची भाषा येते! उद्या मांजरांचा खटला आणा," असे कोणी म्हणाले. दृढवर्मा हसला नाही. तो म्हणाला, "येऊ दे. पण माझी माणसं धनुष्यं ताणून उभी राहतील. माझ्या आणखी एका माणसाला चावून घेऊन मला काही सिद्ध करायचं नाही."

राजाने मान डोलावली.

जोतिकाने आपले धनुष्य सोबत्याकडे दिले.  काठी घेऊन तो वेशीबाहेर गेला आणि भिंतीआड दिसेनासा झाला. थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग काठी वाजू लागली.

बाजेवर निपचित पडलेल्या कवडीने डोके उचलले. ती बाजेवरून उतरली, पडली, पुन्हा उठली. जोतिक वेशीतून आत आला आणि ती त्याच्याकडे धावली. एक पाय उचललेला, बांधलेला खांदा वाकडा, तोंड उघडे. लोक मागे सरले. धनुष्ये ताणली गेली.

बोधिसत्त्व चालत धनुष्यांपुढे जाऊन उभे राहिले. त्यांनी हात पसरले नाहीत. बाणांची टोके त्यांच्या छातीसमोर होती आणि ती कशी घडवली आहेत हे त्यांच्याइतके तेथे कोणालाही ठाऊक नव्हते.

"एक श्वासभर थांबा," ते म्हणाले. "एवढंच मागतो. श्वास सोडेपर्यंत."

रक्षकांनी नायकाकडे पाहिले. दृढवर्मा कुत्रीकडे पाहत होता. त्याने खूण केली नाही.

जोतिक जागच्या जागी उभा होता. पळावे असे त्याला वाटले, पण पाय उचलले नाहीत. कवडी त्याच्यापर्यंत पोहोचली. एका पायाने तिला छातीपर्यंत उडी घेता येईना, म्हणून तिने त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवला. काठी हुंगली. काठी धरलेला हात हुंगला. मग तिची शेपूट हळूहळू थांबली. तिने वर त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो चेहरा निराळा होता. ती त्याला वळसा घालून त्याच्या मागे गेली आणि वेशीकडे तोंड करून बसली. काठी आली आहे, त्या अर्थी मागून माणूसही येत असेल, असे तिला वाटले असावे. ती वाट पाहत राहिली.

वेशीतून कोणीच आले नाही.

बोधिसत्त्वांनी राजाला तिष्याची हकिगत थोडक्या शब्दांत सांगितली. हे होईपर्यंत एकेक धनुष्य खाली आले होते.

राजा सोणाला म्हणाला, "बाई, हे तुम्ही आधी का सांगितलं नाहीत?"

सोणा उठून उभी राहिली. "काय सांगू, महाराज? कुत्र्याला काय कळतंय, असं म्हणाला असता. तो आवाज आला की मीसुद्धा उठते. त्याचं ताट काढते. मला तर सगळं कळतं, मी त्याचे दिवस घातलेत. तरी उठते. माझ्यावर कोणी बाण सोडत नाही, एवढंच."

 जोतिक काठी हातात घेऊन तसाच उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायचे त्याला सुचत नव्हते.

"मला वाटलं ती चावणार, आई," तो म्हणाला. "मला खरंच वाटलं."

"ठाऊक आहे रे," सोणा म्हणाली. "तू मुद्दाम केलं नाहीस."

तेव्हा दृढवर्मा आपल्या माणसांतून पुढे आला. कवडीपासून काही अंतरावर तो उकिडवा बसला. कवडीने एकदा त्याच्याकडे पाहिले आणि पुन्हा वेशीकडे नजर लावली. मग तो जणू स्वतःशीच बोलला.

"त्याला चावलं ते कुत्रं असं आलं नव्हतं. मान खाली घालून येत होतं, लाळ गळत होती. कोणाकडेच बघत नव्हतं. भाऊ मला हे सांगून गेला होता. मी विसरलो. मला नंतर प्रत्येक कुत्र्यात तेच एक दिसायचं."

राजा ओट्यावरून उतरून खाली आला. त्याने बोधिसत्त्वांना विचारले, "हुकूम काय काढू, श्रेष्ठी? रक्षकांना निःशस्त्र ठेवलं आणि उद्या खरंच पिसाळलेलं कुत्रं आलं, तर मी दृढवर्म्याच्या आईला काय सांगू?"

"धनुष्य काढून घेऊ नका, महाराज," बोधिसत्त्व म्हणाले. "पण गल्लीत फिरताना त्याची दोरी उतरवलेली असू दे, कमरेच्या पिशवीत. दोरी चढवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात समोरचं जनावर आपल्याकडे बघतंय की नाही ते दिसतं. पिसाळलेलं असेल तर हातात काठी आहे, आणि दोरीही चढेल. आणखी एक. नवा रक्षक गल्लीत पहिल्यांदा जाईल तो दिवसाउजेडी जावा, शस्त्राशिवाय. गल्लीतल्या माणसांकडे बसावा. त्यांनी त्याच्या हातात भाकरी द्यावी आणि त्यानं ती आपल्या हातानं कुत्र्यांना घालावी. आपण माणसांना रक्षक बदलल्याची दवंडी देतो. कुत्र्यांना कोणी सांगतच नाही."

"आणि बाण?"

"दातांचा बाण यापुढे माझ्या अंगणात होणार नाही. तुमची मागणी मोठी होती. मी ती परत करतो."

राजाने तसाच हुकूम काढला. दृढवर्म्याने तो आपल्या माणसांना स्वतः वाचून दाखवला.

एक गोष्ट राहिली होती. राजाने जोतिकाच्या हातातली काठी घेऊन सोणापुढे धरली आणि म्हणाला, "रीत मोडून सांगतो. ही तुम्ही घरी न्या. गल्लीला आम्ही दुसरी देऊ."

सोणाने काठीवरून हात फिरवला. शेंड्याजवळचे एक काळवंडलेले घुंगरू तिने बोटांनी चाचपले. मग तिने काठी पुन्हा जोतिकाला दिली.

"घरी नेऊन काय करू? कोपऱ्यात उभी करून ठेवू? गल्लीत आवाज हवा. याच्यावर सगळ्या पोरांची घुंगरं आहेत." मग जोतिकाला म्हणाली, "तू इथला नाहीस ना? तुझं घुंगरू कुठल्या काठीला आहे?"

"डोंगराकडच्या गावचा मी. आमच्याकडे ही रीत नाही, आई."

"मग उद्या दुपारी घरी ये. धनुष्य आणू नकोस. भूक घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी दुपारी जोतिक सोणाच्या घरी गेला. सोणाने पितळेचे एक मोठे नवे घुंगरू आणून ठेवले होते. ते तिने आपल्या हाताने काठीला बांधले. तिष्याचे घुंगरूही तिथेच राहिले. मग तिने काठी टेकवून पाहिली. जुना आवाज होता, पण त्यात एक जाड, नवा आवाज मिसळला होता.

"आता बदलला," ती म्हणाली. "आता तिला कळेल कोण येतंय ते. फसवणूक नको." आणि थोडे थांबून म्हणाली, "मलाही कळेल."

जोतिकाने कवडीपुढे भाकरी धरली. कवडीने ती हुंगली आणि तोंड फिरवले. सोणा हसली. "रुसली आहे. खांदा दुखतोय तिचा, आणि तू पाहुणा होऊन आलास! ठेव तिथे. नाही तरी तू गेल्यावर खाईल."

त्या संध्याकाळी काठी वाजली तेव्हा कवडीने कान उभे केले. ती अर्धी उठली, ऐकत राहिली आणि पुन्हा पोत्यावर आडवी झाली. सोणाही चुलीपुढून उठली नाही. जोतिक दारावरून जाताना "आई, आहे मी," म्हणून पुढे गेला. असे पुष्कळ दिवस चालले. खांदा भरून आला. तरी कवडी नुसते ऐकायची.

भात कापणीला आला होता तेव्हाची गोष्ट. दिवेलागणीला काठीचा तो जाड आवाज गल्लीच्या तोंडाशी वळला आणि कवडी उठली. किंचित लंगडत, पण धावत ती गल्लीभर गेली. जोतिक तिला येताना पाहून थांबला. त्याने काठी भिंतीला टेकवली आणि दोन्ही हात मोकळे केले. कवडीने त्याच्या छातीवर दोन्ही पाय ठेवले.

तिने त्याच्या मागे पाहिले नाही.

दारात उभ्या असलेल्या सोणाने हे पाहिले. ती आत गेली आणि फळीवरचे पालथे ताट तिने सुलटे केले. त्या दिवशी जोतिक तिच्याकडे जेवला.

बोधिसत्त्व पुढे आयुष्यभर साधे बाण घडवत राहिले. त्यांच्या घरी पूर्वीइतकी लक्ष्मी राहिली नाही. सुमना कधी कधी लोकांना सांगे, "यांच्या मनगटाला एका कुत्रीनं धरलं आणि ते अजून सुटलेलं नाही." पण हे ती अभिमानाने सांगत असे.

पुढच्या जन्मी बुद्ध झालेल्या शास्त्यांनी ही कथा जेतवनातल्या विहारात सांगितली, त्याला एक निमित्त घडले होते. एक वृद्ध भिक्षू वारले होते. त्यांच्या पात्रातला घास खाणारे एक कुत्रे रोज भिक्षेच्या वेळी विहाराच्या दाराशी येई आणि पात्र हाती घेतलेल्या प्रत्येकावर धावे. एका नव्या भिक्षूने भिऊन त्याला काठी मारली होती आणि इतर भिक्षू त्या नव्या भिक्षूला घालवून द्यावे असे म्हणत होते. शास्त्यांनी त्या कुत्र्याला आणि त्या भिक्षूला, दोघांनाही आपल्याजवळ बसवून घेतले आणि ही कथा सांगितली.

कथा संपल्यावर ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा जोतिक म्हणजे हाच भिऊन काठी उगारणारा भिक्षू. विहारात रोज फुले आणणारी आणि अलीकडेच जिचा मुलगा वारला ती उपासिका त्या वेळी सोणा होती. दृढवर्मा म्हणजे तुमच्यातले ते ज्येष्ठ स्थविर, जे नियमांबाबत कठोर आहेत आणि आजाऱ्याच्या उशाशी सर्वांत जास्त बसतात. राजा सत्यरथ म्हणजे भिक्षू आनंद. बाण घडवणारा श्रेष्ठी मीच होतो."

"आणि कवडी?" एका भिक्षूने विचारले.

शास्त्यांनी शेजारी बसलेल्या कुत्र्याच्या कपाळावर हात ठेवला.

त्या जन्मी बोधिसत्त्वांनी जिची साधना केली ती पारमी, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला सद्गुण, मैत्रीची होती. ती त्या दिवशी एका श्वासाएवढ्या थांबण्यात मावली होती.